माझ्या कॉम्प्युटरवर काय आहे आणि तेच का: दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाहूपुरीत माझं टायपिंग आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक लॅपटॉप, एक स्कॅनर, दोन प्रिंटर. वकिलांचे अर्ज, विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध, तालीम मंडळांचे अहवाल, पत्रिका, बायोडेटा असं सगळं काम येतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि कोर्टाचं टायपिंग आणखी वाढलं.

आपला मजकूर टाइप होताना माणूस शेजारच्या खुर्चीत बसून बघत असतो. स्क्रीन वेगळी दिसली की तो विचारतोच. एवढ्या वर्षांत प्रश्न तेच राहिलेत, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवली. ही माझी आवड आहे आणि ती माझ्या कामातून घडली आहे. तुमचं काम निराळं असेल तर तुमची निवडही निराळी असेल. कुठे निराळी असावी तेही खाली लिहिलं आहे.

ताई, ह्यात स्टार्टचं बटण कुठाय? हे विंडोज न्हवं?

न्हवं. हे लिनक्स. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याचा गाभा लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. तुमच्या खिशातला फोन अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या तळाशीही हाच गाभा आहे, म्हणजे तुम्ही लिनक्स आधीपासून वापरताच. मेनूचं बटण वरच्या डाव्या कोपऱ्यात आहे.

विंडोज का सोडलं?

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फुटांची, आणि पंचगंगा त्याच्या कितीतरी वर गेली होती. कुंभार गल्लीकडून पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही सीपीयू टेबलावर ठेवून शटर ओढलं. पाणी टेबलाच्याही वर गेलं.

कामाचा बॅकअप माझ्याकडे होता. राजारामपुरीत बहिणीच्या कपाटात एक हार्ड डिस्क कायम असायची. त्यामुळे मशीन गेलं तरी काम वाचलं, असं मी दोन दिवस सगळ्यांना सांगत होते. पाणी ओसरल्यावर नवा कॉम्प्युटर आणला, डिस्क जोडली, फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि चित्रविचित्र चिन्हांच्या ओळी आल्या. मी तेव्हा ज्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये काम करायचे ते यूएसबीला लावायच्या एका कुलपाशिवाय, म्हणजे डोंगलशिवाय, सुरूच व्हायचं नाही. त्यातले फॉन्टही त्याच्यापुरतेच. ते बोटभर डोंगल सीपीयूच्या मागच्या बाजूला लावलेलं होतं आणि सीपीयूबरोबर चिखलात गेलं. कंपनीकडून उत्तर आलं की जुनी आवृत्ती बंद झाली, नवी पूर्ण किमतीला घ्या.

त्या डिस्कवर एका निवृत्त गुरुजींच्या आठवणी होत्या, २१२ पानं, छापायला जाण्याच्या बेतात. अक्षर न् अक्षर मी टाइप केलेलं. फाइल माझ्या हातात होती आणि मला ती वाचता येत नव्हती. गुरुजींच्या वह्या त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर सुरक्षित होत्या, एवढंच नशीब. एकोणीस दिवस बसून मी ते सगळं पुन्हा टाइप केलं, या वेळी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत. बाराव्या-तेराव्या दिवशी मनाशी ठरवलं की माझ्या हातून लिहिलं गेलेलं मराठी पुन्हा कुणाच्या कुलपात ठेवायचं नाही. लिनक्सकडे वळले ती तिथून.

जुलै २०२१ मध्ये पाणी परत आलं. या वेळी एका मशीनचा पॉवर सप्लाय गेला. त्याच संध्याकाळी भाच्याच्या कॉलेजच्या लॅपटॉपवर डिस्क लावली, सगळ्या फाइली उघडल्या, आणि दुसऱ्या दिवशी एका वकीलसाहेबांचा अर्ज वेळेत गेला. त्या लॅपटॉपवर माझं एकही सॉफ्टवेअर नव्हतं.

लिनक्सचे एवढे प्रकार आहेत. डेबियनच का?

कारण ते जागचं हलत नाही. डेबियनची सुरुवात इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये केली. त्यामागे कंपनी नाही, जगभरचे स्वयंसेवक आहेत. साधारण दोन वर्षांनी नवी स्थिर आवृत्ती येते आणि मधल्या काळात फक्त दुरुस्त्या आणि सुरक्षेचे अपडेट. तेरावी आवृत्ती, ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आली. मी दिवाळीची गर्दी संपेपर्यंत थांबले आणि मग एका रविवारी दोन्ही मशीनवर घातली.

माझ्या धंद्यात सकाळी मशीन सुरू केल्यावर सगळं काल होतं तिथेच हवं. परीक्षेच्या मोसमात प्रबंधवाली मुलं रात्री नऊपर्यंत बसून असतात. त्या दिवसांत एखादा मेनू जागा बदलून बसला तर माझे हात अडखळतात आणि चुका वाढतात. नवं नवं बघायची आवड असलेल्यांसाठी फेडोरा आहे, आर्च आहे. ती आवड चांगलीच, पण मला ती दुकानात परवडत नाही.

दुसऱ्यांना घालून देताना मात्र मी लिनक्स मिंट देते. मिंट उबंटूवर उभं आहे आणि उबंटू डेबियनवर, तेव्हा घराणं एकच. मिंटमध्ये पहिल्या दिवशी गोष्टी शोधाव्या लागत नाहीत. सिनॅमन नावाचा त्यांचा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडणी, विंडोजवरून आलेल्या माणसाला लगेच ओळखीचा वाटतो. माझ्या आत्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मिंटवर आल्या आणि पहिल्याच आठवड्यात नातवाचे फोटो स्वतः वेगवेगळ्या फोल्डरात लावून मोकळ्या झाल्या.

हा डेस्कटॉप एवढा साधा, जुन्यासारखा का दिसतो?

याला एक्सएफसीई म्हणतात. ऑलिव्हिए फोरदाँ यांनी तो १९९६ मध्ये सुरू केला. दिसायला साधा आहे हे खरं, आणि मला तो तसाच आवडतो. माझ्या मागच्या मशीनमध्ये ४ जीबी रॅम आहे. त्यावर लिब्रेऑफिस या वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तीनशे पानांचा प्रबंध, ब्राउझर आणि स्कॅनर एकदम चालवूनही ते दमत नाही.

खरी गोष्ट हातांची आहे, ती दोन उदाहरणांनी सांगते.

गिऱ्हाईक हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो आणतं. अक्षर बारीक, शाई फुटलेली. 'पाणि' की 'पाणी', अनुस्वार आहे की कागदावरचा डाग आहे, कळत नाही. एक्सएफसीईत ऑल्ट धरून माउसचं चाक फिरवलं की अख्खी स्क्रीन भिंगाखाली धरल्यासारखी मोठी होते, माउस जिथे असेल तिथे. कुठलंही सॉफ्टवेअर उघडं असो, चालतं. चाक उलटं फिरवलं की परत जशीच्या तशी. दिवसातून शंभर वेळा तरी मी हे करत असेन. चष्म्याचा नंबर वाढल्यापासून तर याच्याशिवाय माझं पान हलत नाही.

दुसरं म्हणजे खिडकी गुंडाळणं. खिडकीच्या वरच्या पट्टीवर माउस नेऊन चाक वर फिरवलं की खिडकी पडद्यासारखी गुंडाळली जाते, फक्त पट्टी उरते. खाली ठेवलेला मूळ कागदाचा फोटो दिसतो. बघून घ्यायचं, चाक खाली फिरवायचं, खिडकी पुन्हा उलगडते. प्रूफ तपासताना डोळा आपली ओळ सोडत नाही. खिडक्या लहान-मोठ्या करत बसले असते तर प्रत्येक वेळी ओळ हरवली असती.

त्यातला थुनार हा फाइलींचा व्यवस्थापकही माझा लाडका. स्कॅन केलेली दोनशे पानं निवडायची आणि एका दमात त्यांना अनुक्रमांकासह नावं द्यायची सोय त्यात आधीपासून आहे.

मग नोम आणि केडीई वाईट आहेत का?

अजिबात नाहीत. तेही लिनक्सचे डेस्कटॉपच. केडीई १९९६ मध्ये सुरू झालं, नोम १९९७ मध्ये, आणि दोन्हींमागे मोठी मेहनत आहे.

नोमने २०११ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत सगळी रचनाच बदलली. ज्यांना ती मानवली नाही त्यांनी जुन्या नोमचाच धागा पकडून माटे उभा केला, आणि मिंटचा सिनॅमनही त्याच काळातला. आजचा नोम लॅपटॉपवर, टचपॅडवर तीन बोटं फिरवणाऱ्यांना सुंदर वाटतो. एका वेळी एकच काम, समोर पसारा नाही. माझं काम मात्र सगळं पसाऱ्याचंच. चार खिडक्या एकमेकींवर हव्यात आणि डेस्कटॉपवर आज द्यायच्या फाइली समोर दिसायला हव्यात. नोममध्ये यासाठी एक्स्टेन्शन, म्हणजे वरून लावायच्या जादा सोयी, जोडावी लागतात आणि आवृत्ती बदलली की ती कधी कधी अडतात.

केडीईचा प्लाझ्मा मी लॅपटॉपवर वर्षभर वापरला आणि तो मला मनापासून आवडला. डॉल्फिन या त्याच्या फाइल व्यवस्थापकात खिडकीचे दोन भाग करून एका फोल्डरातून दुसऱ्यात फाइली टाकणं झकास. प्लाझ्मात प्रत्येक गोष्ट बदलता येते. ज्याला आपल्या सोयीनं सगळं मांडून घ्यायचंय त्याने तोच घ्यावा. केडीई कनेक्ट तर मी एक्सएफसीईवरही ठेवलंय. फोनवर काढलेला फोटो केबलशिवाय कॉम्प्युटरवर येतो, त्यासाठी दुकानातलं वाय-फाय पुरतं.

मराठी टायपिंग कशात करता? आमच्या पोरीचं रेमिंग्टन झालंय.

माझंही रेमिंग्टनच झालं होतं, टाइपरायटिंग इन्स्टिट्यूटमध्ये. पुरानंतर मी इनस्क्रिप्ट शिकले. दोन महिने हात रडले, मग बसला. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताकडे, त्यामुळे दोन्ही हातांना आलटून पालटून काम मिळतं आणि वेग आपोआप येतो. ही देशाची प्रमाण मांडणी आहे. विंडोजवर, लिनक्सवर, फोनवर तीच मिळते. एकदा शिकलेलं कुठे वाया जात नाही.

लिनक्समध्ये यासाठी विकत काहीच घ्यावं लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्टची मांडणी जोडायची आणि इंग्रजी-मराठी अदलाबदलीला एक कळ ठरवायची. मी कॅप्स लॉक ठेवली आहे, कारण ती एरवी रिकामीच असते. ज्यांना इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे लिहायची सवय आहे त्यांनी आयबस हे सॉफ्टवेअर घालावं, त्यात तशा मांडण्या आहेत. रुपयाचं चिन्ह हवं असेल तर इंग्रजीसाठी भारताची रुपयावाली मांडणी निवडा. उजवी ऑल्ट धरून ४ दाबलं की ₹ उमटतो. बिलं करणाऱ्यांनी एवढं तरी करून घ्यावंच.

एक बारकावा प्रत्येक शिकाऊ मुलीला मी पहिल्या दिवशी दाखवते. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरामधल्या. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. तो आडवा, अर्ध्या चंद्रासारखा र हवा असेल तर इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून र ची कळ दाबायची, म्हणजे नुक्त्याचा ऱ येतो, मग पायमोड, मग य. साधा र घेतला की रफार होतो आणि अर्थ बदलतो. कोर्टाच्या कागदात आणि पत्रिकेत हे चालत नाही. 'दुसऱ्या' आणि 'कोऱ्या' हे शब्द रफार देऊन लिहिलेले फ्लेक्सवर बघितले की मला आजही वाईट वाटतं. कळ तिथेच आहे, कुणी दाखवलेली नसते एवढंच.

वर्डऐवजी लिब्रेऑफिस. त्यात मराठीचा आकार बदलत नाही असं का होतं?

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो, म्हणून नीट सांगते. लिब्रेऑफिस प्रत्येक मजकुराचे लिपीप्रमाणे वेगळे फॉन्ट लक्षात ठेवतं. आपल्या कामाचे त्यातले दोन, एक इंग्रजीसाठी आणि दुसरा देवनागरीसारख्या जोडाक्षरांच्या लिपीसाठी. आकारही दोन. तुम्ही इंग्रजी शब्दावर कर्सर ठेवून आकार १४ केला तर इंग्रजीचा १४ होतो आणि मराठी १२ वरच राहतं. मग लोक चिडून फाइल बंद करतात.

उपाय असा. सेटिंगमध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करायचं आणि तिथेच भाषा मराठी निवडायची. मग मूळ परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये दोन्ही फॉन्ट आणि दोन्ही आकार एकदाच ठरवून टाकायचे. मी इंग्रजी १२ ठेवते आणि मराठी १३ किंवा १४, म्हणजे शेजारी शेजारी डोळ्याला सारखे दिसतात. भाषा हिंदी राहू देऊ नका. ज्या फॉन्टात दोन्ही वळणं आहेत त्यात मराठी निवडल्यावरच ल आणि श मराठी वळणाचे येतात. माझा नेहमीचा फॉन्ट मुक्ता, पुस्तकाच्या कामाला नोटो सेरिफ देवनागरी. दोन्ही खुल्या परवान्याचे, म्हणून छापखान्याला बिनधास्त देता येतात.

फाइल मी कायम ओडीटी या लिब्रेऑफिसच्या मूळ स्वरूपात ठेवते. तिची रचना सगळ्या जगाला माहीत आहे, २००६ पासून ती आयएसओची प्रमाणित आहे. गिऱ्हाइकाला पीडीएफ आणि मागितली तर वर्डची प्रत देते.

आमच्या जुन्या फाइली जुन्या फॉन्टात आहेत. त्यांचं काय?

कोणत्या फॉन्टात आहेत ते आधी बघा आणि तो फॉन्ट चालू असलेलं मशीन जिवंत आहे तोवरच युनिकोडमध्ये बदलून घ्या. बरेच जुने फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. त्यातून आलेला मजकूर डोळ्यांखालून घालावा लागतो, रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात. फाइल उघडतच नसेल आणि छापील प्रत असेल, तर स्कॅन करून टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने वाचून घेता येतं. त्याला मराठी येतं. स्वच्छ छपाई असेल तर बरीच मेहनत वाचते, हस्ताक्षर मात्र त्याला वाचता येत नाही. हे काम पावसाळ्यावर ढकलू नका.

सगळं जग क्रोम वापरतं, तुम्ही फायरफॉक्स का धरून बसलाय?

मी टायपिंग शिकत होते त्या काळी कित्येक साइटवर लिहिलेलं असायचं की हे पान फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडा. दुसऱ्या ब्राउझरमध्ये बटण दाबलं जायचं नाही, फॉर्म अर्धा दिसायचा. एका ब्राउझरचं राज्य होतं, म्हणून साइट बनवणारे दुसऱ्याकडे बघतच नव्हते. फायरफॉक्सची पहिली आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ ला आली आणि तो एकछत्री अंमल हळूहळू मोडला. एक्सप्लोररला कंपनीनेच जून २०२२ मध्ये निरोप दिला.

आता तेच दुसऱ्या नावाने होऊ लागलंय. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी ही नावं वेगळी, पण आतलं इंजिन, म्हणजे पान वाचून पडद्यावर मांडणारा भाग, एकच, ब्लिंक. ऑपेराचं स्वतःचं इंजिन होतं, ते त्यांनी २०१३ मध्ये सोडलं. एजनेही २०२० मध्ये आपलं इंजिन सोडलं. लिनक्सवर रोज वापरता येईल असं वेगळं इंजिन घेऊन उभा असलेला मोठा ब्राउझर म्हणजे फायरफॉक्स. मागच्या वर्षी एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना पोर्टलवर 'कृपया क्रोम वापरा' अशी पाटी आली तेव्हा मला ते जुने दिवस आठवले. एका कुलपामुळे २१२ पानं पुन्हा टाइप केलेल्या माणसाला ती पाटी टोचते.

या ब्लिंकचं मूळ लिनक्सच्याच अंगणात आहे हे फार जणांना माहीत नसतं. केडीईच्या कॉन्करर ब्राउझरसाठी केएचटीएमएल नावाचं इंजिन लिहिलं गेलं होतं. ॲपलने ते घेऊन वेबकिट केलं, त्यावर २००३ मध्ये सफारी आला. गुगलने २००८ मध्ये क्रोम वेबकिटवरच काढला आणि २०१३ मध्ये त्याची वेगळी शाखा काढून ब्लिंक केलं. स्वयंसेवकांनी खुलं ठेवलं म्हणून पुढच्यांना घेता आलं.

रोजच्या वापराचं सांगायचं तर डेबियनबरोबर फायरफॉक्सची ईएसआर आवृत्ती येते. तिच्यात मोठे बदल वर्षातून साधारण एकदाच, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र वेळच्या वेळी. डेबियन ज्या कारणासाठी घेतलं त्याच कारणासाठी हीही बरी.

फायरफॉक्स जड आहे आणि त्याला पैसेही गुगलच देतं म्हणतात.

दुसरं खरं आहे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिला या संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गुगलला मूळ शोधयंत्र ठेवण्याच्या करारातून येतो. मला ते बरं वाटत नाही. फायरफॉक्समध्ये मूळ शोधयंत्र बदलायला दोन मिनिटं लागतात, मी बदललं आहे. वापराची माहिती पाठवण्याच्या खुणाही सेटिंगमध्ये जाऊन काढून टाकल्या आहेत. संस्थेचे सगळे निर्णय मला पटतात असं नाही. तरी तिचा ब्राउझर आहे म्हणून दुसरं इंजिन जिवंत आहे, आणि ते जिवंत राहावं असं मला मनापासून वाटतं.

जडपणाचं म्हणाल तर ४ जीबीच्या मशीनवर मी दहा-बारा टॅब उघडे ठेवते आणि काम अडत नाही. उबंटूवर ज्यांना तो उघडायला वेळ लागतो असं वाटतं, त्यांनी बघावं की तो स्नॅप या उबंटूच्या बंदिस्त पॅकेजच्या स्वरूपातला आहे का. उबंटूने २१.१० पासून तसा दिला आहे. मिंट आणि डेबियनमध्ये तो साध्या पॅकेजमध्ये येतो.

मग बाजूला क्रोमियम कशाला?

वरच्या त्या पाटीसाठी. क्रोमियम म्हणजे क्रोमचीच खुली आवृत्ती. मुलीचा अर्ज मुदतीत जाणं माझ्या मतापेक्षा मोठं आहे. काम झालं की बंद.

तुमच्याकडे गिऱ्हाईक आपलं ईमेल उघडतं. पासवर्ड राहत नाही का?

फार चांगला प्रश्न, आणि तो आणखी लोकांनी विचारावा. दुकानात बाहेरच्या माणसाचं लॉगिन मी फक्त खाजगी खिडकीत करू देते. ती बंद केली की लॉगिन, कुकी, इतिहास सगळं जातं. उतरवून घेतलेली फाइल मात्र खाजगी खिडकीतूनही मशीनवर राहते, ती हाताने काढावी लागते. रोज रात्री दुकान बंद करताना डाउनलोडचं फोल्डर रिकामं करणं हे माझं काम. लोकांची आधार कार्डं आणि निकालपत्रं असतात त्यात.

माझ्या स्वतःच्या खात्यांसाठी फायरफॉक्सचे कंटेनर वापरते. एकाच खिडकीत वेगवेगळ्या रंगांचे टॅब, आणि एका रंगातलं लॉगिन दुसऱ्याला दिसत नाही. दुकानाच्या नंबरचं व्हॉट्सॲप हिरव्या टॅबमध्ये, घरच्या नंबरचं निळ्यात. लिनक्ससाठी व्हॉट्सॲपचं वेगळं ॲप नाही, ब्राउझरमधलंच वापरायचं, तेव्हा ही सोय मला सोन्यासारखी आहे.

तुमच्या स्क्रीनवर जाहिराती कशा दिसत नाहीत?

यूब्लॉक ओरिजिन. रेमंड हिल यांचं एक्स्टेन्शन, फुकट आणि खुलं. मी ते लावलं ते मुख्यतः 'डाउनलोड' असं लिहिलेल्या खोट्या हिरव्या बटणांसाठी. वयस्कर माणसं हमखास त्यावरच बोट ठेवतात. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि २०२५ मध्ये हे मूळ एक्स्टेन्शन तिथे चालेनासं झालं, आता तिथे त्याची हलकी आवृत्ती मिळते. फायरफॉक्समध्ये पूर्ण चालतं. ज्या वृत्तपत्राच्या साइटवर मी रोज जाते तिथे ते बंद ठेवते, त्यांचंही घर चालायला हवं.

ब्रेव्ह? विवाल्डी?

विवाल्डी टॅबांच्या मांडणीत फार सुरेख आहे. ब्रेव्ह जाहिराती आपणहून अडवतो. इंजिन तेच, म्हणून माझ्यासाठी नाहीत.

उद्यमनगरात आमचं वर्कशॉप आहे. टॅली, ड्रॉइंग, डिजिटल सही, सगळं चालेल का?

ज्याच्यावर तुमचं पोट आहे ते मशीन बदलू नका. टॅली विंडोजचं आहे. ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स लिनक्सवर येत नाहीत. फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या खुल्या सॉफ्टवेअरची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, शिकायला आणि साधे भाग काढायला चांगली आहे. पण तुमचा पॅटर्न बनवणारा ज्या स्वरूपातली फाइल मागतो तीच द्यावी लागणार. डिजिटल सहीच्या टोकनसाठी मी स्वतः एक विंडोजचा लॅपटॉप ठेवला आहे आणि त्याला एका जुन्या प्रिंटरशिवाय दुसरं काही काम देत नाही. कार्यालयातलं पत्रव्यवहाराचं मशीन, घरच्या मुलांचं मशीन यांपासून सुरुवात करा.

प्रिंटर चालतो का?

बहुतेक चालतात. घेण्याआधी विचारा. आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट असलेला घेतला तर ड्रायव्हरच लागत नाही. माझा एक जुना लेझर प्रिंटर तीन रविवार खाऊन शेवटी विंडोजच्या लॅपटॉपलाच जोडला गेला.

आणि व्हायरस?

दुकानात रोज परके पेनड्राइव्ह लागतात. शॉर्टकटवाल्या व्हायरसने फोल्डर लपवलेले असतात, ते मला इथे सरळ दिसतात आणि व्हायरस माझ्या मशीनवर काही करू शकत नाही. मात्र फसव्या लिंकवर तुम्ही स्वतःच ओटीपी दिलात तर कुठलीही सिस्टीम वाचवणार नाही.

माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर बसेल का?

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बऱ्याच मशीनवर ११ चढत नाही. तेव्हापासून हा प्रश्न रोजचा झालाय. ४ जीबी रॅम आणि ६४ बिटचा प्रोसेसर असेल तर एक्सएफसीईवर छान चालेल. हार्ड डिस्क जुनी फिरणारी असेल तर आधी एसएसडी टाका. फरक सिस्टीम बदलण्यापेक्षाही जास्त जाणवेल. ३२ बिटच्या मशीनला मात्र मी आता नाही म्हणते. डेबियनने तेराव्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं आणि फायरफॉक्सनेही त्यांची साथ सोडली. सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नसतील तर तसलं मशीन मी कुणाच्या गळ्यात घालणार नाही.

घालून देणार का? येताना काय आणू?

देते. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून दाखवते, मशीनमधलं काहीही न पुसता. वाय-फाय, आवाज, तुमची नेहमीची साइट, सगळं स्वतः बघा. पटलं तर पुढे.

येताना ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह, लॅपटॉपचा चार्जर आणि घरच्या वाय-फायचा पासवर्ड एका कागदावर. सगळे फोटो आणि फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क घरीच ठेवून या. ती घरी आहे असं तुम्ही सांगितल्याशिवाय मी तुमच्या मशीनला हात लावत नाही. सोमवारी दुकान बंद असतं. बाकी दिवशी संध्याकाळी सहानंतर या, तेव्हा कोर्टाची गर्दी ओसरलेली असते आणि शेजारची खुर्ची मोकळी मिळते.